यीस्टचं म्हातारपण आणि गुणसूत्रांची टोकं : वाचकांचे प्रश्न

यीस्ट पेशींचं वय, टेलोमिअर (गुणसूत्राचं टोक राखणारा डीएनएचा पट्टा) आणि जीनोमची (पेशीतल्या सगळ्या डीएनएची) स्थिरता या विषयावर आलेल्या पत्रांमधून हे प्रश्न निवडले आहेत. बरीच पत्रं प्रयोगाला नुकतीच सुरुवात केलेल्या विद्यार्थ्यांची आहेत, म्हणून कृती आणि प्रमाणं सविस्तर दिली आहेत. उत्तरांत 'यीस्ट' म्हणजे कळ्या फोडून वाढणारं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी.

प्रश्न : दर विभाजनाला टेलोमिअर आखूड होत जातं आणि त्यामुळे पेशी म्हातारी होते, असं वाचलं. यीस्टची मातृपेशीही वीस-पंचवीस कळ्या देऊन थांबते. म्हणजे तिचंही टेलोमिअर संपलेलं असतं का?

नाही. या विषयातला सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. यीस्टमध्ये टोकं पुन्हा लांब करणारं टेलोमरेज हे एन्झाइम कायम चालू असतं. हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशीत १६ गुणसूत्रं, म्हणजे ३२ टोकं असतात आणि प्रत्येक टोकाला टीजी अक्षरांची साधारण ३०० बेसजोड्यांची अनियमित पुनरावृत्ती असते. शेवटची कळी देणाऱ्या मातृपेशीतही ही लांबी तरुण पेशीइतकीच भरते. हे १९९१ मध्येच मोजून दाखवलं गेलं आहे.

एकच 'म्हातारपण' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक मातृपेशी आयुष्यात किती कळ्या देते, हे झालं विभाजन-आयुष्य. मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी ते १९५९ मध्ये प्रथम मोजलं. इथे आई म्हातारी होते, पण तिची लेक बहुतेक वेळा कोऱ्या पाटीने जन्माला येते. दुसरी गोष्ट टेलोमरेज काढून टाकल्यावर दिसते. दर पिढीला टोकं ३ ते ५ बेसजोड्यांनी झिजतात आणि ५० ते ८० पिढ्यांत सगळा वंशच थकतो. त्यात आई आणि लेक दोघीही सारख्याच भरडल्या जातात. लुंडब्लाड आणि शोस्टाक यांनी १९८९ मध्ये टेलोमरेजला लागणाऱ्या ईएसटी१ या जनुकाच्या म्युटंटमध्ये हे दाखवलं. तिसरी गोष्ट म्हणजे वाढ थांबलेल्या कल्चरमध्ये पेशी किती दिवस जिवंत राहतात, हे कालिक आयुष्य.

प्रयोग आखण्याआधी आपण यातलं नेमकं काय मोजतोय ते वहीत लिहून ठेवा. आढळलेला परिणाम एका मोजमापातला आणि निष्कर्ष दुसऱ्याचा, असे प्रबंध कमी नाहीत.

अर्थात विभाजन-आयुष्य आणि टेलोमरेजशिवायचं थकणं यांमधली भिंत पूर्ण बंद नाही. टेलोमरेज काढलेल्या मातृपेशी टोकं फारशी आखूड होण्याआधीच, पहिल्या काही पिढ्यांतच, लवकर म्हाताऱ्या होतात, असं २०१५ मध्ये मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये एकेक पेशी पाहून दिसलं. टेलोमिअरची प्रत काढताना अडखळलेला रेप्लिकेशन फोर्क (प्रत काढण्यासाठी डीएनए जिथे उलगडतो ती जागा) सावरायलाही टेलोमरेजची मदत होत असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो.

प्रश्न : टोकाची लांबी ३०० च्या आसपासच राहते, हे पेशीला कळतं कसं? आणि टोकं लांब केली तर आयुष्य वाढेल का?

पेशी अक्षरं मोजत नाही, त्यांवर बसलेली प्रथिनं मोजते. टीजी पट्ट्यावर साधारण दर १८ बेसजोड्यांना एक रॅप१ प्रथिन बसतं आणि ते रिफ१ व रिफ२ यांना ओढून घेतं. ही गर्दी जितकी जास्त तितका टेलोमरेजला मज्जाव. टोक झिजलं की गर्दी विरळ होते, टेल१ हे कायनेज तिथे पोचतं आणि टेलोमरेजला वाट मिळते. त्यामुळे एका पेशीचक्रात सगळी टोकं वाढत नाहीत. ३०० बेसजोड्यांच्या टोकांपैकी शंभरात जेमतेम सहा-सात वाढतात, १०० बेसजोड्यांवर आलेल्यांपैकी चाळीसच्या आसपास. टेल१ काढलं तर टोकं बरीच आखूड होतात, पण तिथे स्थिर राहतात. टेल१ आणि त्याच्यासारखंच कायनेज मेक१ दोन्ही काढली तर मात्र टेलोमरेज नसल्यासारखीच गत होते. रिफ१ आणि रिफ२ दोन्ही गेली तर टोकं हजार बेसजोड्यांच्या पुढे जातात.

आता आयुष्याचं. १९९७ मध्ये उलटंच दिसलं होतं : टोकं लांब असलेल्या मातृपेशींचं विभाजन-आयुष्य घटलं आणि आखूड टोकं असलेल्यांचं वाढलं. लांब टोकं सिर प्रथिनं (डीएनएचे काही भाग दाबून ठेवणारी) जास्त अडवून ठेवतात आणि राइबोसोमल डीएनएच्या (त्याबद्दल पुढे) वाट्याला कमी येतात, हे त्याचं पटणारं कारण आहे. 'लांब टेलोमिअर म्हणजे लांब आयुष्य' हे समीकरण यीस्टमध्ये तरी चालत नाही.

प्रश्न : आमच्या फ्रीझरमधला ईएसटी२ (टेलोमरेजचं जनुक) काढलेला हॅप्लॉइड स्ट्रेन काढून प्लेटवर पसरला. दहा वेळा पुढे नेला तरी छान वाढतोय, सेनेसन्स (वंशाचं थकणं) दिसतच नाही. डिलीशन पीसीआरने तपासलं, ते बरोबर आहे. चूक कुठे?

चूक फ्रीझरमध्ये आहे. तुमच्याकडे आलेली पेशी थकून, मरून, त्यातून वाचलेल्यांची वंशज आहे. त्यांना सर्व्हायव्हर म्हणतात आणि त्या टेलोमरेजशिवाय, रीकॉम्बिनेशनच्या (डीएनएच्या सारख्या तुकड्यांमधल्या देवाणघेवाणीच्या) आधारावर टोकं सांभाळतात. टेलोमरेज नसलेला हॅप्लॉइड 'स्टॉक' म्हणून ठेवण्यात अर्थ नसतो. स्टॉक ठेवायचा तो एक चांगली आणि एक काढलेली प्रत असलेल्या हेटेरोझायगस डिप्लॉइडचा.

दर वेळी सुरुवात ताज्या बीजाणूंपासून करा. डिप्लॉइड वायपीडी या पोषक माध्यमावर रात्रभर वाढवा, पाण्याने धुऊन १ टक्का पोटॅशियम ॲसिटेटमध्ये २५ अंशांवर हलवत ठेवा. तीन ते पाच दिवसांत टेट्रॅड (चार बीजाणूंच्या पिशव्या) दिसू लागतात. पिशवीची भिंत विरघळवणारं झायमोलिएज (अर्धा ते एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) पाच-दहा मिनिटंच द्या. जास्त वेळ दिला तर चारही बीजाणू सुटे होतात आणि कोणते कोणाचे भावंड ते कळत नाही. सुईने बीजाणू वायपीडीवर (यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १, पेप्टोन २, ग्लुकोज २, अगार २ टक्के) वेगळे मांडा आणि ३० अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा. डिलीशनवर जी-४१८ या प्रतिजैविकाला दाद न देणारा कॅनआर मार्कर असेल तर ते (लिटरला २०० मिलिग्रॅम) घातलेल्या प्लेटवर रेप्लिका घ्या. दोन वाढतील, दोन नाही.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा. बीजाणूची कॉलनी डोळ्यांना नीट दिसते तेव्हा तिच्यात साधारण तीन कोटी पेशी असतात, म्हणजे २५ पिढ्या उलटलेल्या असतात. घड्याळ टेट्रॅड फोडल्यापासून चालू झालेलं असतं. ती प्लेट आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवून 'सोमवारी सुरू करू' म्हणू नका.

पुढे दोन वाटा आहेत. प्लेटवर स्ट्रीक करत गेलात तर दर स्ट्रीकला आणखी वीस-पंचवीस पिढ्या जातात. दुसऱ्या-तिसऱ्या स्ट्रीकला कॉलन्या बारीक, कडा खडबडीत, मधेमधे रिकाम्या जागा असं चित्र दिसतं. द्रव कल्चरमध्ये जास्त नेमकं मोजता येतं : पूर्ण कॉलनी कापून वायपीडीत घ्या, मिलिलिटरला १ लाख पेशी इतकी सुरुवात करा, बरोबर २४ तासांनी मोजा, पुन्हा १ लाखावर आणा. चांगली वाढणारी पेशी रोज १० कोटींच्या पुढे जाते, म्हणजे दहा-अकरा पिढ्या. झालेल्या पिढ्या म्हणजे शेवटची संख्या भागिले सुरुवातीची संख्या, याचा दोन पायाचा लॉग. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आकडा कोसळतो, मग सर्व्हायव्हर उगवतात आणि आठ-दहा दिवसांत कल्चर पुन्हा पूर्वीसारखं होतं.

मोजणी हेमोसायटोमीटरवर किंवा कण मोजणाऱ्या यंत्रावर करा. केवळ ऑप्टिकल डेन्सिटीवर भरवसा नको. थकलेल्या पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर अडकून फुगतात. मायक्रोस्कोपखाली एक मोठी आई आणि तिला चिकटलेली जवळपास तेवढीच मोठी कळी, अशा डंबेलच्या आकाराच्या जोड्याच जोड्या दिसतात. अशी एक जोडी गढूळपणात दोन-तीन पेशींइतकी भरते आणि आलेख खरा होता त्याहून सपाट दिसतो.

वरचेवर होणाऱ्या चुका अशा. स्ट्रीकमधली सगळ्यात मोठी, देखणी कॉलनी उचलणं : तिथे तुम्ही नकळत सर्व्हायव्हर निवडता. एकाच बीजाणूवर समाधान मानणं : एकाच टेट्रॅडमधले दोन भाऊसुद्धा वेगवेगळ्या दिवशी थकतात, कारण वाट्याला आलेली सगळ्यात आखूड टोकं वेगळी असतात. जनुकप्रकारामागे किमान चार-सहा स्वतंत्र बीजाणू घ्या आणि त्याच टेट्रॅडमधली निरोगी भावंडं शेजारी चालवा. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गमावलेली 'पेटीट' कॉलनी थकलेली समजणं : ३ टक्के ग्लिसरॉलच्या प्लेटवर ती वाढत नाही, एवढी तपासणी पुरते. आणि डिप्लॉइड वर्षभर फिरवत ठेवणं. टेलोमरेजच्या आरएनए जनुकाची, टीएलसी१ची, एकच प्रत असली तरी टोकं थोडी आखूड होतात. त्यामुळे जुन्या डिप्लॉइडचे बीजाणू आधीच झिजलेली टोकं घेऊन येतात आणि तुमचा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेशी जुळत नाही.

प्रश्न : सर्व्हायव्हर पहिल्या प्रकारचे की दुसऱ्या, हे कसं ओळखायचं? आमच्या द्रव कल्चरमध्ये नेहमी एकच प्रकार का मिळतो?

सदर्न ब्लॉट करा, म्हणजे कापलेला डीएनए जेलवर लांबीनुसार वेगळा करून हवा तो तुकडा प्रोबने शोधा. डीएनए एक्सएचओ-वन या एन्झाइमने कापा, १ टक्का अगारोजवर सावकाश चालवा, टीजी पुनरावृत्तीचा प्रोब लावा. निरोगी पेशीत वाय-प्राइम (टीजी पट्ट्याआधीचा पुनरावृत्त तुकडा) असलेल्या टोकांचा एक पसरट पट्टा १.२ ते १.३ हजार बेसजोड्यांपाशी येतो. तो पसरट असणं बरोबरच आहे, कारण प्रत्येक पेशीतलं टोक थोडं वेगळं असतं. पहिल्या प्रकारात हा वाय-प्राइम तुकडा एकापुढे एक वाढलेला असतो, म्हणून ५.२ आणि ६.७ हजारांपाशी गडद पट्टे दिसतात आणि खालचा पट्टा आखूडच राहतो. दुसऱ्या प्रकारात टीजी पट्टाच लांबतो आणि प्रत्येक टोकाची लांबी वेगळी, त्यामुळे विस्कटलेल्या शिडीसारखं चित्र येतं. दोन्हींना रीकॉम्बिनेशनसाठी आरएडी५२ हे जनुक लागतं. पहिल्याला त्याशिवाय आरएडी५१, तर दुसऱ्याला आरएडी५०, आरएडी५९ आणि एसजीएस१.

प्लेटवर पहिला प्रकार जास्त निपजतो, पण दुसरा वेगाने वाढतो. द्रव कल्चरमध्ये सगळे एकाच पाण्यात, त्यामुळे वेगवान प्रकार बाकीच्यांना मागे टाकतो. पहिला प्रकार हवा असेल तर प्लेटवरच स्ट्रीक करत राहा.

ब्लॉट वाचताना अर्धवट कापला गेलेला डीएनए दुसऱ्या प्रकारासारखा भासतो, हे ध्यानात ठेवा. ट्रान्सफरच्या आधी जेल एथिडियमखाली बघा. राइबोसोमल डीएनएचे पट्टे स्वच्छ, तीक्ष्ण नसतील तर ब्लॉटपर्यंत जाऊच नका.

प्रश्न : टेलोमिअर शाबूत असेल तर म्हाताऱ्या मातृपेशीचा जीनोम बिघडतो कशामुळे?

बाराव्या गुणसूत्रावर राइबोसोमल डीएनएच्या १०० ते २०० प्रती सलग रांगेत असतात, प्रत्येकी सुमारे ९.१ हजार बेसजोड्यांची. एकसारख्या प्रतींची इतकी लांब रांग म्हणजे रीकॉम्बिनेशनला आमंत्रण. त्यात प्रत्येक प्रतीत फॉब१ प्रथिन रेप्लिकेशन फोर्कला एका दिशेने अडवतं. अडलेला फोर्क तुटतो, दुरुस्ती करताना शेजारच्या प्रतीशी गाठ पडते आणि अधूनमधून एक प्रत वर्तुळ होऊन बाहेर पडते. या वर्तुळात प्रत काढण्याची सुरुवात-जागा असते, सेंट्रोमिअर मात्र नसतं. त्यामुळे ते दर चक्रात दुप्पट होतं आणि जवळजवळ सगळं आईकडेच राहतं. सिंक्लेअर आणि ग्वारेंटे यांनी १९९७ मध्ये हे मांडलं. म्हाताऱ्या पेशीत अशी हजारभर वर्तुळं साठली तर ती ९१ लाख बेसजोड्या होतात, आणि यीस्टचा अख्खा जीनोम आहे १ कोटी २० लाखांचा.

सिर२ प्रथिन हे रीकॉम्बिनेशन दाबून ठेवतं, म्हणून ते काढलं की आयुष्य घटतं. फॉब१ काढलं की वाढतं. वर्तुळांचं ओझंच मारतं की राइबोसोमल डीएनएची अस्थिरता हीच मूळ दुखणं आहे, यावर वाद आहे. आम्हाला दुसरी बाजू वजनदार वाटते. पण राइबोसोमल डीएनए नसलेली, नुसती दुप्पट होऊन आईकडे साठणारी प्लास्मिडंसुद्धा आयुष्य घटवतात, त्यामुळे पहिली बाजू मोडीत काढता येत नाही.

राइबोसोमल डीएनएच्या बाहेरही पडझड होते. डिप्लॉइड मातृपेशी पंचविसेक विभाजनांच्या पुढे गेली की तिच्या लेकींमध्ये हेटेरोझायगोसिटी (एकाच जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती असणं) गमावण्याचं प्रमाण साधारण शंभरपट वाढतं, असं मॅकमरे आणि गॉटशलिंग यांनी २००३ मध्ये दाखवलं. त्यामागचं एक कारण २००९ मध्ये पुढे आलं : मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गेला की लोह-गंधक गुच्छांचा पुरवठा आटतो, आणि डीएनएची प्रत काढणाऱ्या व दुरुस्ती करणाऱ्या अनेक एन्झाइमांना हे गुच्छ लागतात.

प्रश्न : म्हाताऱ्या पेशी पुरेशा मिळवायच्या कशा? रात्रभर वाढवलेल्या कल्चरमध्ये त्या असतीलच ना?

असतात, पण न असल्यासारख्या. वाढत्या कल्चरमध्ये निम्म्या पेशी नवजात, पाव एकदा व्यालेल्या, आणि पुढे अशाच निम्म्या होत जातात. २० कळ्या दिलेली पेशी वीस लाखांत एखादी सापडते.

नुसतं आयुष्य मोजायचं असेल तर ४० ते ६० नवजात पेशी प्लेटवर ओळीत मांडा आणि दर दीड-दोन तासांनी सुईने कळी बाजूला करा. रात्री प्लेट ४ अंशांवर ठेवायची पद्धत आहे, पण सगळ्या स्ट्रेनना सारखेच तास थंडीत ठेवा. बायोकेमिस्ट्रीसाठी ढीगभर पेशी हव्यात तर तरुण पेशींच्या भिंतीला बायोटिन लावा, वाढू द्या, मग स्ट्रेप्टाव्हिडिनच्या चुंबकी मण्यांनी त्याच पेशी परत गोळा करा. लेकींची भिंत नवी असते, त्यामुळे बायोटिन आईवरच राहतं. एस्ट्राडायोल दिल्यावर फक्त लेकी मरतील अशी जनुकीय मांडणीही २००९ पासून उपलब्ध आहे. ही मांडणी चालवणारं क्रे एन्झाइम बिघडलेल्या पेशी तिच्यातून सुटतात आणि बघता बघता कल्चर व्यापतात, म्हणून सुरुवात कमी पेशींपासून करा.

कोणतीही पद्धत वापरा, कॅल्कोफ्लोरने कळ्यांचे व्रण रंगवून तीसेक पेशी तरी मोजा. सरासरी वय किती आणि नवजात पेशींची भेसळ किती, हे दोन आकडे नसतील तर पुढचा प्रयोग कशावर केला ते सांगता येत नाही.

प्रश्न : टेलोमरेज नसलेल्या पेशीत उत्परिवर्तनाचा दर मोजतोय. कॅनाव्हॅनिन प्लेटवर एकाच स्ट्रेनच्या एका कल्चरला १५ कॉलन्या, दुसऱ्याला ४००. पिपेटिंग चुकतंय का?

पिपेट ठीक असावा. कॅनाव्हॅनिन हे विष आहे आणि त्याच्या प्लेटवर कॅन१ जनुक बिघडलेल्या पेशीच वाढतात. हे उत्परिवर्तन वाढीच्या सुरुवातीलाच घडलं तर त्याची सगळी प्रजा प्लेटवर येते, शेवटी घडलं तर एक-दोनच कॉलन्या. लुरिया आणि डेलब्रूक यांनी १९४३ मध्ये जीवाणूंवर हेच दाखवलं. म्हणून दोन-तीन कल्चरची सरासरी काढणं निरर्थक आहे. बारा ते वीस समांतर कल्चर घ्या, प्रत्येकाची सुरुवात हजारापेक्षा कमी पेशींनी करा म्हणजे आधीपासूनचे म्युटंट शिरणार नाहीत, १० कोटींपर्यंत वाढवा आणि आर्जिनिन नसलेल्या, लिटरला ६० मिलिग्रॅम कॅनाव्हॅनिन घातलेल्या प्लेटवर पसरा. दर मध्यकावरून काढा. निरोगी हॅप्लॉइडमध्ये तो पिढीमागे एक कोटीत एक-दोन या घरात यायला हवा.

तुमच्या स्ट्रेनमध्ये दोन जास्तीच्या अडचणी आहेत. छेदात जिवंत पेशींची संख्या घ्यायची, मोजलेल्या पेशींची नाही. सेनेसन्सच्या तळाशी या दोन आकड्यांत प्रचंड तफावत असते. आणि हजारावरून १० कोटींवर जायला सतरा पिढ्या लागतात, म्हणजे 'पन्नासाव्या पिढीचा दर' म्हणून जे हाती येतं ती त्या सतरा पिढ्यांची सरासरी असते. पन्नासाव्या पिढीलाच थांबायचं असेल तर कल्चर तेहेतिसाव्या पिढीला सुरू करा.

मिळालेले म्युटंट फेकू नका, त्यांचं कॅन१ पीसीआरने वाढवून बघा. हे जनुक पाचव्या गुणसूत्राच्या डाव्या टोकाजवळ आहे. टोकं निकामी झालेल्या पेशीत एखाददुसरं अक्षर बदलण्यापेक्षा तो भागच गळून पडण्याचं प्रमाण वाढतं, आणि मग पीसीआरला काहीच येत नाही. त्या रिकाम्या लेनना 'फसलेली पीसीआर' म्हणून टाकून देणारे बरेच असतात. शेजारच्या अत्यावश्यक जनुकाचा प्राइमर सोबत चालवला तर पीसीआर फसली की जनुक गळालं, ते लगेच कळतं.

प्रश्न : वीस दिवस शेकरवर ठेवलेलं कल्चर मेलं. टेलोमिअर झिजल्यामुळे?

नाही. पेशी विभागतच नाहीत तर झीज कुठून होणार? २ टक्के ग्लुकोजच्या सिंथेटिक माध्यमात साठलेलं ॲसेटिक आम्ल हे नेहमीचं कारण आहे. पीएच मोजा. एक भाग सेंट्रिफ्यूज करून निर्जंतुक पाण्यात ठेवा आणि एक भाग पीएच ६ ला बफर केलेल्या माध्यमात. दोन्ही जास्त टिकले तर कारण सापडलं. फ्लास्कमधलं पाणी उडतं, तेही वजन करून भरून काढा, नाहीतर मिलिलिटरमागच्या कॉलन्या उगाच वाढलेल्या दिसतील.

प्रश्न : कॅफीनने टेलोमिअर आखूड होतं आणि अल्कोहोलने लांब, हे खरं का?

यीस्टमध्ये खरं आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात इथेनॉल आणि ॲसेटिक आम्लाने टोकं लांबली, कॅफीन आणि चढ्या तापमानाने आखूड झाली. यावरून माणसाच्या आहाराबद्दल काहीही ठरत नाही. प्रयोग करणाऱ्याने मात्र इथून दोन गोष्टी घ्याव्यात. ज्या दोन स्ट्रेनच्या टोकांची तुलना करायची, ते एकाच इनक्युबेटरमध्ये, एकाच बॅचच्या माध्यमात, सारख्याच पिढ्या वाढवलेले हवेत. आणि औषध इथेनॉलमध्ये विरघळवलं असेल तर तेवढंच नुसतं इथेनॉल घातलेलं कल्चर शेजारी असायलाच हवं.